पस्तीस हजारांचा बोलका चष्मा हप्त्यावर घ्यावा का? (अंध विद्यार्थिनी, महिन्याला अडीच हजार)

वेशीवरचं_टेबल यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणी दिव्यांगांचे अर्ज भरून देण्याचं काम आम्ही काही जण करतो. एका मुलीबद्दल नेमका सल्ला हवा आहे.

वय २१, पूर्ण अंध, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) निळं, म्हणजे सर्वांत जास्त दिव्यांगत्वाच्या गटातलं, बीएचं दुसरं वर्ष. घरी शेतमजुरी, उत्पन्नाचा दाखला ४८,००० चा. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला २,५०० येतात. खातं तिच्या नावावर आहे, पण अंगठ्याचं. एटीएम कार्ड भावाकडे असतं. फोन म्हणजे घरातला जुना अँड्रॉइड, २ जीबी रॅमचा, टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावलं की अडकतो. लॅपटॉप नाही.

मध्यंतरी एक विक्रेता कॉलेजात येऊन बोलका चष्मा दाखवून गेला. समोरचं छापील वाचतो, माणूस ओळखतो वगैरे. किंमत ३५,०००, चोवीस हप्ते, व्याज “फक्त १४ टक्के”. मुलगी हरखली आहे, घरचे अर्धे तयार आहेत.

विचारायचं असं: चष्मा घ्यावा का? लॅपटॉप, फोन, काठी यांतलं योजनेतून काय निघेल आणि आधी काय मागावं? आणि तिला स्वतःचे पैसे स्वतः हाताळायला शिकायचं आहे, तर सुरुवात कुठून करायची?

---

पै_पैचा_हिशेब

आधी त्या “फक्त १४ टक्के”चं बघू. चोवीस हप्त्यांच्या वस्तूकर्जात असा दर सांगितला की तो बहुतेक वेळा फ्लॅट असतो. म्हणजे ३५,००० वर दोन वर्षं सरसकट १४ टक्के, ९,८०० व्याज. एकूण ४४,८००, हप्ता १,८६७. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ३५,००० वरच लागतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर वर्षाला सुमारे २५ टक्के पडतो.

अडीच हजारांतून १,८६७ गेले की हातात राहतात ६३३. निराधारचे पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला येतीलच असं नाही. कधी दोन महिन्यांचे एकदम पडतात. हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच कापायला येतो. शिल्लक नसेल तर तो परत जातो, मग बँकेचा दंड वेगळा, वित्त कंपनीचा वेगळा, वर त्यावर जीएसटी. चष्मा चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. या उत्पन्नावर हा हप्ता बसत नाही.

तरी कुणी कर्ज घेणारच असेल तर सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरण मागा, बँकेच्या भाषेत केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तिगत कर्जदाराला ते देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाची ओळ असते, म्हणजे प्रक्रिया शुल्क आणि विमा धरून पडणारा खरा वार्षिक दर. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असतं. मुलीनं थेट म्हणावं, “एपीआरची ओळ मला मराठीत वाचून दाखवा.” विक्रेता तिथे गडबडला तर उत्तर मिळालंच.

तुलनेसाठी सांगतो. राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाचं कर्ज आपल्याकडे राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत मिळतं. लहान रकमेला ५ टक्के दर असतो, तोही घटत्या शिलकीवर. तेच ३५,००० चोवीस महिन्यांना घेतले तर हप्ता साधारण १,५३५ आणि एकूण व्याज १,८५० च्या आसपास. ९,८०० कुठे आणि १,८५० कुठे. पण जामीनदार, कागद, मंजुरी यांत महिने जातात, आणि हे कर्ज मुख्यतः धंदा उभा करणाऱ्यांना सोयीचं. विद्यार्थिनीनं इतक्यात त्यातही पडू नये.

---

काठी_आणि_कळफलक

चष्म्यात जे आहे त्यातलं बरंचसं फोनमध्ये फुकट आहे. गुगलचं लुकआउट, मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय आणि बी माय आइज ही तिन्ही अ‍ॅप्स फुकट आहेत. छापील मजकूर वाचणं, समोर काय आहे ते सांगणं, स्वयंसेवकाला व्हिडिओवर बोलावून विचारणं, सगळं होतं. अट एकच, फोन धड हवा. म्हणून पहिला खर्च फोनचा. किमान ६ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, आणि ३.५ मिमीची इअरफोनची खाच असलेला. ही खाच बोलक्या एटीएमसाठी हवी. असा फोन १२,००० च्या आसपास मिळतो. काळजीपूर्वक बघायची गोष्ट म्हणजे कंपनीनं स्वतःचे भाराभर बदल केलेलं अँड्रॉइड नको. त्यात टॉकबॅकच्या बोटांच्या खुणा अडखळतात. दुकानातच दोन्ही आवाजबटणं तीन सेकंद दाबून टॉकबॅक चालू करा आणि पाच मिनिटं वापरून बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

लॅपटॉप वापरलेला चालतो, पण इथे एक खड्डा आहे. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे कंपनीची देखभाल, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाजारात “आय-फाइव्ह, एकदम मस्त” म्हणून जे स्वस्त लॅपटॉप दिसतात त्यांतले पुष्कळसे इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे असतात आणि त्यांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. आठव्या पिढीपासून पुढचा घ्या. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण). हार्डडिस्कवाला फुकट मिळाला तरी आधी एसएसडी टाका, नाहीतर स्क्रीनरीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक वाक्याला दम खातो.

एक फायद्याची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पूर्ण अंध वापरणाऱ्याला पडद्यावरचे डाग, पट्टे, फिका उजेड यांनी काही फरक पडत नाही. असा डागी पडद्याचा लॅपटॉप बराच स्वस्त सुटतो. त्याऐवजी पैसा कळफलकात घाला: सगळ्या कळा ठणठणीत, शक्यतो उजवीकडे आकड्यांचा वेगळा संच असलेला. स्पीकर खरखरणारा नको.

स्क्रीनरीडर एनव्हीडीए, पूर्ण मोफत. कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबलं की सुरू होतो. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे. ऐकायला यांत्रिक, पण वेग वाढवला तरी शब्द तुटत नाही. पैसे देऊन दुसरा स्क्रीनरीडर घ्यायची बीएला काही गरज नाही.

आणि हे प्राध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांत टाइप केलेल्या नोट्स स्क्रीनरीडरला मराठी म्हणून दिसतच नाहीत. “भारत” ऐवजी तो इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचतो. लॅपटॉप बिघडला असं समजून दुरुस्तीला पाचशे रुपये देणारे असतात. युनिकोड फाइल मागा. नसेलच तर पानाचा सरळ, सावली न पडलेला फोटो काढून अ‍ॅपकडून अक्षरं ओळखून घ्या.

स्मार्टकेनबद्दल: आयआयटी दिल्लीत तयार झालेली काठी, मुठीत अल्ट्रासाऊंडचा भाग. साधी काठी जमिनीवरचं सांगते. गुडघ्याच्या वरचं, म्हणजे उघडी खिडकी, ट्रकचा मागचा भाग, लोंबती फांदी, हे साध्या काठीला कळत नाही. ते ही काठी सुमारे तीन मीटरवरून मुठीत थरथरून सांगते. पण साध्या काठीचं वळण आधी हवं. ते नसताना स्मार्टकेन दिली की ती चार दिवसांत कपाटावर जाते.

---

दाखलेवाला

योजनांचा क्रम सांगतो. चूक झाली तर तीन वर्षं अडकतात, म्हणून नीट वाचा.

मुख्य योजना एडिप, दिव्यांगांना सहाय्यक उपकरणं देणारी. १९८१ पासून चालू आहे, केंद्राची. अटी: ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व, मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर उपकरण पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्मी किंमत. ही मुलगी सरळ पहिल्यात बसते. तिसरी अट लोक विसरतात: मागच्या तीन वर्षांत त्याच कामाचं उपकरण कुठल्याही सरकारी मार्गानं घेतलेलं नसावं. म्हणजे गावातल्या शिबिरात “घ्या हो ताई, फुकट आहे” म्हणून मिळेल ते उचललं आणि नावासमोर अंगठा दिला की पुढच्या चांगल्या वस्तूवर तीन वर्षं फुली. शिबिरात मिळते ती वस्तू ठरते तपासणीच्या दिवशी. त्या दिवशी तिथल्या तंत्रज्ञाला स्पष्ट सांगायचं: कॉलेजात शिकते, स्मार्टफोन आणि स्मार्टकेन यांसाठी तपासा. तपासणीच्या चिठ्ठीवर काय लिहिलं ते वाचून घ्या, फोटो काढून ठेवा. वाटप नंतर काही महिन्यांनी होतं आणि तेव्हा चिठ्ठीवर असेल तेच हातात पडतं.

साहित्य बहुतेक अलिम्कोचं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. शिबिराची वाट बघायची नसेल तर त्यांच्या प्रधानमंत्री दिव्याशा केंद्रातही तपासणी होते.

कागद: यूडीआयडी, आधार, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा हवा, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये काढलेला दाखला एप्रिलच्या शिबिरात रद्दी. सेतूत एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकार असतात. तीन वर्षांचा मागा. यूडीआयडीवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का बघा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्यावर अर्ज परत येतात.

लॅपटॉपसाठी दुसरा दरवाजा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामपंचायतीकडून फार अपेक्षा ठेवू नका. गावाचं स्वउत्पन्न ४ लाख असेल तर ५ टक्के म्हणजे २०,०००, आणि त्यात गावातले सगळे दिव्यांग. बाराजणांत वाटले तर माणशी १,६६६. म्हणून लॅपटॉपसाठी जिल्हा परिषदेच्या सेस फंडाची (स्वतःच्या उत्पन्नातल्या निधीची) वैयक्तिक लाभाची यादी विचारा. तिथे वस्तूंची यादी दरवर्षी बदलते, अर्जाची खिडकी महिनाभर उघडते आणि बंद होते. पंचायत समितीतल्या समाजकल्याणच्या टेबलावर एप्रिलनंतर महिन्यातून एकदा विचारत राहा.

या योजनांत बऱ्याचदा आधी खरेदी, मग पैसे खात्यावर, अशी पद्धत असते. तीन गोष्टींवर बिलं नाकारली जातात: बिलाची तारीख मंजुरीपत्राच्या आधीची, बिल भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर, बिलावर जीएसटी क्रमांक नाही. वापरलेल्या लॅपटॉपला पक्कं बिल मिळत नाही, त्यामुळे योजनेतून घ्यायचा तर नवाच घ्यावा लागेल. डागी पडद्यावाली युक्ती स्वतःच्या पैशांनाच लागू.

शिष्यवृत्तीही विसरू नका. दिव्यांग विद्यार्थ्यांची केंद्राची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असते, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. कॉलेजनं वेळेत पडताळणी केली नाही तर अर्ज तिथेच मरतो. अर्ज भरला की आठवडाभरात कॉलेजच्या लिपिकाकडे जाऊन “पडताळणी झाली का” हे विचारायचंच.

---

वेशीवरचं_टेबल

सगळ्यांचे आभार. चष्मा थांबवतो. पण खात्याचं घोडं अडलं आहे. बँकेत विचारलं तर म्हणाले, अंध व्यक्तीला एटीएम कार्ड आणि मोबाइल बँकिंग देत नाही, आईला जोडखातेदार करा. शिवाय भावाचा विषय नाजूक आहे. तो पैसे खातो असं नाही, पण हिशेबही देत नाही. घरात वाद न होता हे कसं सोडवायचं?

---

काउंटर_नंबर_तीन

बँकेनं सांगितलेलं चूक आहे. अंध व्यक्ती करार करायला कायद्यानं सक्षम आहे, आणि चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, लॉकर, कर्ज यांपैकी काहीही केवळ अंधत्वामुळे नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २००८ पासून बँकांना बजावलेलं आहे. जोडखातेदाराची सक्ती करता येत नाही. काउंटरवर वाद घालू नका. एका कागदावर अर्ज द्या: “माझ्या खात्यावर एटीएम कार्ड व मोबाइल बँकिंग सुरू करावे. नकार असल्यास कारण लेखी द्यावे.” दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. लेखी कारण द्यायची वेळ आली की बहुतेक शाखा काम करून टाकतात. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, खर्च शून्य. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक.

आता खरी गोम. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? माझ्या अंदाजानं भावाचा. मग कार्ड कुणाकडे आहे याला काही अर्थ नाही, कारण ओटीपी, संदेश, यूपीआय सगळं त्या नंबरावर. म्हणून पहिलं काम कार्ड परत मागण्याचं नाही, नंबर बदलण्याचं. तिच्या नावाचं सिम, मग तोच नंबर आधारला, मग बँकेला. घरात सांगायला कारणही सरळ आहे: “शिष्यवृत्तीचे ओटीपी कॉलेजात असताना मलाच लागतात.” खरंच लागतात. यात भावावर आरोप नाही. काही दिवस कार्ड त्याच्याकडेच राहू द्या. पैसे काढल्याचा संदेश मात्र तिच्या फोनवर वाजेल आणि टॉकबॅक वाचून दाखवेल. हिशेब मागावा लागत नाही, तो आपोआप समोर येतो. दोनतीन महिन्यांनी नवीन कार्ड, नवीन पिन.

एक तपासणी लगेच करा. आधारशी जोडलेल्या ज्या खात्याची नोंद शेवटची, त्यातच सरकारी पैसे जातात. शिष्यवृत्तीसाठी कॉलेजनं दुसरं खातं उघडायला लावलं आणि तिथे आधार जोडलं की निराधारचे पैसे गुपचूप त्या खात्यात पडायला लागतात. मग तीन महिने सगळे तहसीलला हेलपाटे घालतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे त्याची, स्थिती दिसते.

अंगठ्याऐवजी सही करायची असेल तर जाड पुठ्ठ्यात ६ सेंमी लांब, दीड सेंमी उंच खिडकी कापा आणि त्यात सही करायचा सराव. महिनाभरात सही एकसारखी येते. सही नोंदवल्यावरही पुठ्ठा पासबुकातच ठेवायचा.

इअरफोनच्या खाचेचं: बोलक्या एटीएमला ३.५ मिमीची गोल खाच असते. ब्लूटूथचा इअरफोन तिथे चालत नाही. तारेचा साधा इअरफोन पर्समध्ये हवाच, आणि तोच फोनला चालला तर दोन बाळगावे लागत नाहीत. इअरफोन खाचेत गेला की यंत्र बोलायला लागतं. प्रत्येक एटीएम बोलत नाही; जवळचं कोणतं बोलतं ते शाखेत विचारून एकदा ओळखीच्या माणसासोबत जाऊन यंत्राच्या कळा हातानं समजून घ्या.

आणखी एक. व्हिडिओ केवायसीत “पापणी मिटा” म्हणून अडवलं तर सांगा, ३० एप्रिल २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पापणीखेरीज दुसरा मार्ग देणं अपेक्षित आहे. शाखेत जाऊन कागदी केवायसी हाही मार्ग आहेच.

---

काठी_आणि_कळफलक

पैसे हाताळायला शिकवताना यूपीआयपासून सुरुवात करू नका. आधी नोट.

नव्या मालिकेतल्या नोटा लांबीनं ओळखायच्या असतात: १० ची १२३ मिमी, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. म्हणजे १०० आणि २०० मध्ये फक्त ४ मिमीचा फरक. तिथेच फसगत होते. नुसत्या बोटांना ४ मिमी कळत नाहीत, म्हणून मोजपट्टी करा. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, एका टोकाला नोट टेकवा, आणि १४२, १४६, १५० वर ब्लेडनं खाचा पाडा. नोटेचं दुसरं टोक कुठल्या खाचेला येतं ते नखानं लागतं. १०० वर उठावाचा त्रिकोण, २०० वर इंग्रजी एच, ५०० वर वर्तुळ असतं. कडेला तिरक्या रेघा, १०० ला चार, २०० ला चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळं, ५०० ला पाच. नोट नवी असेल तर उत्तम लागतात. भाजीबाजारातल्या मळक्या नोटेवर उठाव झिजलेला असतो, म्हणून भरवसा लांबीवर. ५० आणि खालच्या नोटांवर हा उठाव नाहीच.

रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं अ‍ॅप नोटेची किंमत बोलून सांगतं, इंटरनेटशिवाय. नोट खरी की खोटी ते सांगत नाही. घरी रात्री पाकीट लावायला चांगलं. भर बाजारात नोट बाहेर काढून फोटो काढत बसू नये. घरीच घडी ठरवून ठेवा: १०० सरळ, २०० आडवी एक घडी, ५०० दोन घड्या. सुटे परत आले की वेगळ्या कप्प्यात, घरी जाऊन मगच घड्या. नाण्यांत २० चं बारा कडांचं, ते चटकन कळतं. जुन्या आणि नव्या १-२ च्या नाण्यांत मात्र घोळ होणारच, तेवढा सोसायचा.

मग यूपीआय. पहिला आठवडा दोन फोनांमध्ये एकेक रुपया पाठवायचा, वीसतीस वेळा. सराव एकाच सवयीचा: रक्कम टाकण्याआधी समोरच्याचं नाव ऐकायचं, आणि पिनच्या पानावर जाण्याआधी रक्कम पुन्हा ऐकायची. १५० च्या जागी १५०० याच ठिकाणी जातात, कारण शून्य दोनदा टेकलं तरी कानाला एकच टिक वाटते. पिन टाकताना टॉकबॅकच्या मेनूतून पडदा काळा करायचा आणि एका कानात इअरफोन. नाहीतर फोन शेजारच्याला पिन मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि हे खरोखर होतं.

क्यूआर सापडत नसेल तर फोन स्टिकरला टेकवा आणि सरळ रेषेत वीतभर मागे आणा, तेवढ्यात पकडतो. नाहीच जमलं तर दुकानदाराचा नंबर विचारून त्यावर पाठवा. चहा-वडापावसाठी यूपीआय लाइट (यूपीआयमधलंच छोटं पाकीट) लावून द्या: एका वेळी १,००० पर्यंत पिन लागत नाही आणि पाकिटात ५,००० च्या वर ठेवता येत नाही. यात ५०० च ठेवा. फोन हरवला तरी तोटा ५०० चाच.

काही बँकांची अ‍ॅप्स बाहेरून घातलेला स्क्रीनरीडर दिसला की उघडतच नाहीत. टॉकबॅकच ठेवा. आणि “पैसे घ्यायला पिन टाका” असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तासाभरात फोन.

---

दोन्ही_हात_मोकळे

चष्म्यावर सगळे जरा जास्तच तुटून पडलात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन, मग बसचा दांडा कशानं धरायचा? चष्म्याचा खरा उपयोग तिथे आहे. फक्त विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. मराठी छापील पान वाचतो का, आणि जोडाक्षरांसकट? पुष्कळ चष्मे इंग्रजी फडाफडा वाचतात आणि मराठीत “प्रात्यक्षिक”चं भलतंच काही करतात. इंटरनेट नसताना काय काय चालतं? आणि दोन वर्षांनी वर्गणी लागते का? विक्रेत्याच्या कागदावर नको, तिच्याच पाठ्यपुस्तकावर चाचणी घ्या.

---

टाकेदोरे

थोडं विषयांतर. शिवणकाम करणाऱ्या एका कर्णबधिर बाईंना शिबिरात कानामागची दोन यंत्रं मिळाली, तीन महिन्यांत बंद. पुन्हा अर्ज करावा का?

---

काठी_आणि_कळफलक

@टाकेदोरे, अर्जाआधी सेल बघा. यंत्र फुकट, सेल नाही. १३ नंबरचा, म्हणजे नारिंगी पट्टीचा सेल रोजच्या वापरात आठ ते चौदा दिवस जातो. दोन कानांना महिन्याला चार ते आठ लागतात. जास्त ताकदीच्या यंत्राला ६७५, निळी पट्टी. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. लगेच कोंबला तर सेल पूर्ण ताकदीनं चालू होत नाही आणि “यंत्र मेलं” असं वाटतं. कानातल्या साच्याची नळी कडक किंवा पिवळी झाली असेल तर ती बदला, किरकोळ काम आहे. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवायचं. एवढं करूनही बंद असेल तर दुरुस्ती मागा. नव्या अर्जाला ती तीन वर्षांची अट आडवी येईल.

---

पै_पैचा_हिशेब

आता मूळ मुलीकडे. वस्तू फुकट मिळाली तरी ती झिजते, आणि पुढची कधी मिळेल हे आपल्या हातात नाही. म्हणून झीज महिन्यावर मांडा. फोन १२,०००, तीन वर्षं: महिना ३३३. लॅपटॉप २०,०००, चार वर्षं: ४१७. लॅपटॉपची बॅटरी ३,०००, दोन वर्षं: १२५. इअरफोन ३००, सहा महिने: ५०. एकूण ९२५. रिचार्ज वेगळा, ३०० धरा. अडीच हजारांतून १,२७५ उरतात, ते घरात द्यायचे की फीला, हे तिनं ठरवायचं.

हे ९२५ बाजूला कुठे टाकायचे? पोस्टाची आवर्ती ठेव सगळे सुचवतात. ती पाच वर्षांची, तीन वर्षांआधी मोडता येत नाही, आणि फोन त्याआधीच मरू शकतो. शिवाय पैसे उशिरा आले की हप्ता चुकतो. शंभराला रुपया दंड, चार चुकले की खातं बंद पडतं. बँकेची बारा महिन्यांची आवर्ती ठेव बरी, पण तिलाही ठरलेली तारीख आहेच. अनुदान कधी ५ ला, कधी २५ ला, कधी दोन महिन्यांचं एकदम, अशा खात्यावर आपोआप कापणारी कुठलीही गोष्ट लावू नका. दुसऱ्या बँकेत शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं उघडा, त्याला ना कार्ड जोडायचं, ना यूपीआय. निराधारचा संदेश वाजला की त्याच दिवशी तिनं स्वतःच्या हातानं ९२५ तिकडे पाठवायचे. दोन महिन्यांचे आले तर १,८५०.

आणि ते खातं उघडताना फॉर्मवर आधार जोडण्याच्या चौकोनात, सरकारी अनुदान याच खात्यात हवं का, तिथे “नाही”वर खूण करायला सांगा. वर @काउंटर_नंबर_तीन यांनी सांगितलेला घोळ त्याच चौकोनातून सुरू होतो.